दुभाषी

गिरणीच्या भोंग्याखालची आमची ओळ.
दारात यादीवाले मास्तर, काखेत लांबट वही,
आणि मी, वय नऊ, घरात एकटीच मराठी येणारी,
तीही तिसरीपुरती.

“बाया किती? नावं सांगा.”
शेजारची म्हणाली, चंद्रय्याच्या घरची लिहा.
पलीकडची म्हणाली, राजेशमची आई.
मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला.
“असलं लिहिलं तर वर छाटतात, बाई.”

छाट.
हा शब्द मला तेलुगूत न्यावा लागला नाही.
रोज संध्याकाळी कारखान्यात चेकर
आईच्या हजारातून मूठभर विड्या उचलून बाजूला फेकतो:
पान फाटलं, तोंड नीट मुडपलं नाही.
त्यांचे पैसे मिळत नाहीत,
विड्याही परत मिळत नाहीत.

आईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं,
मला जवळ ओढलं.
तंबाखूचा वास, कानाशी ओठ,
आणि एक नाव, जे मी कधी ऐकलं नव्हतं.
मार्शल लॉच्या साली सोलापुरात नांदायला आली
तेव्हा तिची लक्ष्मी केली होती.
हे त्याच्या आधीचं,
करीमनगरकडच्या कुठल्याशा विहिरीवर राहून गेलेलं.

“पोशव्वा,” मी मोठ्यानं म्हणाले.
आत आजीनं भांडं आपटलं.
नवऱ्याचं नाव आईनं घेतलं नाही,
तेही मीच सांगितलं.
वय कुणालाच ठाऊक नव्हतं.
मास्तरांनी तिच्याकडे बघून पस्तीस लिहिलं.

मतदान आलं तेव्हा
गड्ड्यावरचे पाळणे अजून सोडवायचे होते.
पेट्या माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात.
टेबलावरच्या माणसानं नाव पुकारलं
आणि रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या,
ही कोण बाई?
आईसुद्धा बघत होती.
मग पदर सारखा करून निघाली.

मी यादीत डोकावले.
पोसव्वा, छापलं होतं.
श चा स झालेला.
मराठीत ते पोसणारीचं नाव वाटत होतं;
चूक म्हणावं की नाही
तिसरीच्या मराठीला ठरवता येईना.
आईला वाचता येत नव्हतं.
मी सांगितलं नाही.

रात्री चिमणीच्या उजेडात ती विड्या वळत बसली,
बोटावर शाई, नखात तंबाखू.
बाबांनी विचारलं, कुठल्या पेटीत टाकलंस?

“दोनशे कमी पडल्यात,” आई म्हणाली. “दोरा द्या.”

बाबांनी दिला.