रिकामं वजन

उमरेड रोडवर, धर्मकाट्याच्या खोलीत बसून
एकोणीस वर्षं मी टेकडी मोजते आहे.
टिप्पर रिकामा येतो, एक आकडा.
भरून येतो, दुसरा.
वजाबाकी करून पावती फाडायची:
पिवळी ड्रायव्हरला, गुलाबी खाणीला,
पांढरी माझ्याकडे, दाभणाने ओवलेली.

वीस एमएम, चाळीस एमएम, चुरी.
शहरातले सिमेंटचे रस्ते माझ्या हाताखालून गेले,
मेट्रोचे खांबही. मनीषनगरच्या
हप्त्यावर घेतलेल्या माझ्या दोन खोल्यासुद्धा,
त्यामुळे फार बोलायला तोंड नाही.

मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं की बाहेर बघते.
आधी खिडकीत नुसती टेकडीच मावायची.
आता तिच्या मागचं आभाळ दिसतं,
आणि नाला फुटायचा तिथे
हिरव्या पाण्याचा चौकोनी खड्डा.
टोकाला देवाचा दगड तेवढा ठेवलाय,
भोवती दहा हात जमीन सोडून,
जेवणाऱ्याने ताटात मीठ ठेवावं तसा.

मागच्या पावसाळ्यात साहेब आले.
पाचशे रोपं. फोटो. 'शाश्वत' असं काहीतरी
लिहिलेला लांबलचक फलक,
जो पुढे चहाच्या टपरीवर सावलीला लागला
आणि, सांगायलाच हवं, चांगला टिकला.

दशरू मरसकोल्हे शेळ्या घेऊन येतो, पाणी मागायला.
परवा पिता पिता थांबला.
"काय व बाई, गाडी तुमी दोनदा मोजता?"
हो म्हटलं. रिकामी मोजल्याशिवाय कसं कळणार
माल किती, गाडी किती.
"मंग पहाडाचं रिकामं वजन कोनी घेतलं का?
म्हंजे एवढा तं पहाडच हाय, माल नाही, असं?"

मी हसले.
मग उगाच फाइल काढली.
टनावारी सगळं होतं, तारखेसकट.
टेकडीतून काय वजा करायचं
तो रकाना कोणी छापलाच नव्हता.

तो गेल्यावर दारातला एक दगड उचलून
काट्यावर ठेवला. मुठीएवढा,
चारोळीचं वाळकं मूळ चिकटलेला.
शून्य.
आमचा काटा दहा किलोखालचं धरत नाही.
शेळीचं करडू धरत नाही,
पाटीभर सीताफळं धरत नाही,
नाल्याचा आवाज तर

बाहेर हॉर्न.
एमएच एकतीस, रिकामा.
दगड उचलायचा राहून गेला होता.
आकडा आला तो नेहमीचाच.