जीव

मिरजेत एका भिंतीच्या दोन बाजूंना
आमची दोन घरं, शिकलगारांची.
इकडे मी भोपळ्यावर सतारी बांधतो,
तिकडे दस्तगीरचाचा
परवान्याची हत्यारं दुरुस्त करतो.
पणजोबा एकच. तलवारींना पाणी द्यायचे.
तलवारी संपल्या, कानशी उरल्या,
त्या पोरांनी वाटून घेतल्या.
माझ्या वाट्याला घोडी आली, त्याच्या वाट्याला घोडा.

निवडणूक लागली की चाचाची सुगी.
ठाण्यात जमा करायच्या आधल्या आठवड्यात
लोकांना आठवतं, आपल्याकडे रिव्हॉल्व्हर आहे.
परवा त्याच्या टेबलावर, पिवळ्या फडक्यावर
दोन मॅग्नम शेजारीशेजारी:
एक चव्वेचाळीसची, पैलवानाच्या मनगटासारखी,
वाळव्याकडच्या रणधीर थोरबोल्यांची.
दुसरी तीनशे सत्तावन्न, अंगानं कमी,
रायफल क्लबच्या एलायस मास्तरांची.
मास्तर गेले चैत्रात.

"टिकाऊ कुठली, चाचा?"
जवारी लावता लावता उठून आलो होतो मी,
बोटांना हाडाची भुकटी.

त्यानं चव्वेचाळीसचा घोडा हळूच मागे ओढला,
कान जवळ नेला, उजवा.
डावा त्यानं धंद्याला कधीच देऊन टाकलाय.
"पोलाद बघ, चरकाच्या लाटेचं वाटावं असं.
रोज पन्नास उडव, नातूपण उडवील.
पण उडवतंय कोण?
वीस वर्षांत सहा. कशात, ते विचारू नकोस.
बाकीचा जन्म कातड्याच्या खोळीत, कमरेच्या घामात.
कातडं ओल धरतं, ओल पोलाद खाते.
वर पाहुण्यांपुढं मनगट झटकून
खाटकन चक्र बंद करायचं, पिक्चरमधल्यासारखं.
दांडी वाकलीय.
दिमाखानं वाकलीय ही."

दुसरीच्या मागे सुलोमी बसलेली, मास्तरांची लेक,
मिशनच्या दवाखान्यातून रात्रपाळी करून तशीच आलेली,
मांडीवर वही.
मास्तरांनी एकेक गोळी लिहिली होती, तारखेसकट,
धोब्याच्या हिशेबासारखी:
अकरा हजार चारशे बारा.

चाचानं भिंग लावलं.
वरच्या पट्टीवर जाळानं ओढलेली
नखाएवढी रेघ.
"ही नुसती भिववते. खाते, खाते, मग थांबते."
मग नळीचा गळा,
खालच्या बाजूला, जिथं तो सपाट घासलेला असतो तिथं,
केसासारखी चीर.
भिंग तिथंच थांबलं.
"हलक्या गोळ्या वापरल्या मास्तरांनी.
जड गोळी धक्का देते,
हलकी धावते, आणि गळा जाळत जाते."

सुलोमीनं वही उलटी चाळली.
शेवटची तीन वर्षं सगळ्या हलक्याच.
"हात कापायचा त्यांचा," ती म्हणाली,
"धक्का सोसवत नव्हता. आम्हाला सांगितलं नाही कधी."
रस्त्यावरून कुणा उमेदवाराची रिक्षा
ओरडत गेली. चाचाच्या डाव्या बाजूनं गेली.

"मला विकायची नाही. राहील का, एवढंच सांगा."
"नाही उडवलीस तर तुझ्या पोरांनाही पुरेल.
उडवलीस तर उद्याची एकच, किंवा हजार.
चिरेला तारीख नसते, बाई."
तिनं मान हलवली,
हे वाक्य ती स्वतः रोज कुणाला तरी सांगत असावी तशी.

निघताना पाहिलं,
चाचा पातळ पोलादी पट्टी
चक्र आणि नळीच्या मधल्या फटीत सरकवत होता.
चव्वेचाळीसमध्ये गंजापाशी अडकली,
मास्तरांच्यात जरा सैल गेली,
आणि त्यानं दोन्ही आकडे
वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले.
माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या चिठ्ठीवर होतं
मला कळलं नाही.

घरी तंबोरा तसाच आडवा पडलेला.
घोडीवर तारेखाली रेशमी सूत घातलं,
पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे,
स्वर उघडेपर्यंत.
या सुताला आम्ही जीव म्हणतो.

भिंतीपलीकडून घोड्याचा
एक रिकामा खटका आला.
तिकडच्या त्या फटीला काय म्हणतात,
चाचाला विचारायचं राहूनच गेलं.