डब्यावरचं सूर्यफूल

उदगीरला चौबाऱ्याजवळ माझं किराणा दुकान.
दाराशी पाटी, पाटीवर खडूनं भाव.
त्या आठवड्यात तेलाचा आकडा
मी तीनदा पुसला.
बोट पांढरं झालं,
तेवढाच माझा त्या लढाईशी संबंध
असं मला वाटत होतं.

प्रयागबाई बाटली घेऊन आल्या, नेहमीची पाव किलोची.
"कामून रे इतकं?"
म्हटलं, तिकडं लढाई लागलीय.
"कुठं?"
मी हात केला. हात बिदर रोडकडं गेला.
त्यांनी वळून नीट पाहिलं :
पंक्चरवाला, एक शेळी, शाळा सुटलेली पोरं.
"आपलं करडीचं तेल हुतं की.
ते कुनी बंद केलं?
त्याच्यावर तर बॉम्ब न्हवता पडला."
डब्यावरचं छापील सूर्यफूल
माझ्याकडं बघत राहिलं.

सांजच्याला बाकड्यावर माणसं.
कोन जिंकायलंय, कोन हरायलंय,
एकाला रणगाडे आवडतात, एकाला स्वस्तातलं डिझेल,
एकजण म्हणाला, गोऱ्यांचं गोरे बघून घेतील.
टीव्हीवाला ओरडत होता, आपली भूमिका काय, भूमिका काय.
मैनोद्दीनमामूंनी बिडी चपलेखाली विझवली :
"भूमिका ऱ्हाऊ द्या. हुड्यांची पोरगी आली का?"

शिवलीला नवव्या दिवशी आली.
मार्चच्या उन्हात, चपलांच्या रांगेत
तिचे बर्फातले बूट
परक्या जनावरासारखे बसलेले.
गाव बघायला गेलं, तिनं चहा दिला, काही बोलली नाही.

मग एका दुपारी दुकानात येऊन उभी.
मूठ उघडली : किल्ली.
"खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची.
म्हणाली, कुंड्यांना पाणी घाल, मी आलेच.
मग मलाच निघावं लागलं."
फोन लावते रोज. वाजतो.
वाजतो म्हणजे भिंत तरी उभी असेल ना, काका?

मला काय ठाऊक. मी साखर बांधत होतो.

मामू बाकड्यावरूनच बोलले, कुणाकडं न बघता :
"अठ्ठेचाळीसला अब्बा कुलूप लावून गेले, किल्ली कंबरेला.
परत आले तर दारच नव्हतं.
किल्ली अजून पेटीत हाय."
प्रयागबाई बाटलीचं बूच फिरवत होत्या.
"आमच्या माहेरात त्याच्या आदल्या साली.
दार ऱ्हायलं हुतं. घर न्हवतं."
इतकी वर्षं दोघं याच दुकानात
एकामागं एक उभे राहिले आहेत,
हे मात्र कधी निघालं नव्हतं.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

तेव्हा जगात कुठं
तेल महाग झालं नसेल.

शिवलीला म्हणाली, काका, एक दोरा द्या, पक्का.
मी पुडा बांधायचा सुती दोरा हातभर तोडून दिला.
तिनं किल्ली ओवली, गळ्यात घातली,
आत लिंग होतंच, त्याच्याशेजारी.
पैसे काढायला लागली. नको म्हटलं.

ती गेल्यावर वाटेकऱ्याचा फोन आला, डब्यामागं अजून चाळीस.
फडकं सापडेना.
तळहातानंच पुसलं.