वासाचा पत्ता

नवतपाचा चौथा दिवस.
सकाळी साडेसहालाच पोर्चमधली फरशी कोमट
आणि गाडीजवळ तो वास,
गोडसर, डोक्यात चढणारा,
टाकी फुल केल्यावर हाताला राहतो तसा.
घरात कुणालाच येत नव्हता.
तुझ्या नाकाचंच काहीतरी बघ,
असं जेवताना सर्वानुमते ठरलं.

मी कानाची यंत्रं विकते.
दिवसभर लोकांच्या कानाशी बारीक शिट्टी वाजवून विचारते,
आली? आता? आता?
ऐकू येत नाही हे कबूल करायला
माणसाला किती वर्षं लागतात, मला ठाऊक आहे.
म्हणून भांडले नाही.
गाडी काढली आणि गोळीबार चौकाकडे वळवली.

केवलराम हेडाऊचं गॅरेज म्हणजे
मागाचा खड्डा बुजवून केलेली एका गाडीपुरती जागा.
भिंतीतल्या खुंट्या तशाच,
सुताच्या लडींऐवजी फॅनबेल्ट.
"पेट्रोल गळलं तं डाग पडते, ताई.
वाफेले डाग नसते," तो म्हणाला
आणि टाकीचं झाकण फिरवलं.
फुस्स झालं नाही.
"एवढ्या उन्हात हिनं दम सोडाले पाहिजे होता."
झाकणाची रबरी कडी चपटली होती.
नवं झाकण, एकशे ऐंशी रुपये.

तीन दिवसांनी वास परत,
सोबत इंजिनाचा पिवळा दिवा.

मग बॉनेट.
नळी काढून तोंडाशी अंगठा धरला, इंजिन चालू ठेवून:
"ओढत नाही. बरोबर आहे, आता ओढाचंच नाही."
मग कोळशाचा डबा, टाकीची वाफ पिऊन ठेवणारा.
त्याला कानाशी धरून हलवलं, वास घेतला, बाजूला ठेवला.
"हा बिचारा उपाशी आहे. वाफ याच्यापर्यंत येतच नाही."

मग धूर.
पेंटचा जुना डबा, त्यात बेबी ऑइल, ट्रकच्या इंजिनातला तापणारा प्लग,
वर सायकलचा पंप.
डबा दहा हात लांब, गल्लीत.
अशफाकला बिडीसकट चौकापर्यंत हाकललं.
कूलर बंद, नाहीतर धूर पांगतो.
शटर अर्धं खाली.
शेचाळीस अंशांत आम्ही दोघं एक टॉर्च घेऊन उभे,
आणि तो पंप दाबतोय, हळू,
बशीतल्या चहावर फुंकर घालावी तेवढाच.

काही नाही.
काही नाही.
मला विचारायचं होतं, आली? आता?

मग मागच्या उजव्या चाकाच्या वर
धुराचा एक धागा.
सरळ वर चढला आणि तुटला.

तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ
फक्त त्याचे पाय दिसत राहिले.
बाहेर आला तेव्हा हातात वीतभर नळी,
फुगलेली, टाचेसारखी भेगाळलेली.
एका टोकाला क्लिपऐवजी तार.
तारेला गाठ.
त्यानं ती सोडवली नाही,
उजेडात फिरवून पाहिली, दोनदा.

"ही गाठ बापाची," तो म्हणाला.
"तुटला धागा जोडाची.
म्हणजे मीच मारली.
मले दुसरी कुठं येते."

लॉकडाउन होतं तेव्हा. दुकानं बंद.
कूलरच्या पाण्याची नळी कापून लावली होती, तात्पुरती.
"पेट्रोलची वाफ खाते तिले. मले माहीत होतं.
पंधरा दिवसांनी या म्हटलं.
तुम्ही आल्या नाही,
मीबी बोलावलं नाही."

मलाही आठवलं. म्हणाला होता.
गाडी चालत होती.

नवी नळी, पेट्रोल सोसणारी, दोन क्लिपा.
पुन्हा धूर, पुन्हा पंप, पुन्हा टॉर्च.
या वेळी "काही नाही" ऐकायला बरं वाटलं.
त्यानं नळीचे पैसे घेतले,
झाकणाचे परत काढले,
मी ते त्याच्या खिशात कोंबले,
त्यानं ते गाडीच्या सीटवर टाकले.
जुना तुकडा, गाठीसकट, खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये
फरशी कोमट, बाकी काही नाही.
घरातले एकेक करून बाहेर आले,
लांब श्वास घेतले,
आणि म्हणाले, बघ,
आम्ही तेव्हापासून सांगतोय,
वास येतच नाही.