उतरत्या अंगाचं माप

हेक्सममधलं हे दुकान साडेपाचला बंद होतं.
आता पाच वाजून दहा.
मी तिसऱ्यांदा त्याच हँगरपाशी.

मेणकापडाचं जाकीट, शेवाळी,
कॉलरला तपकिरी कॉरडरॉय,
दोनशे एकोणऐंशी पौंड.
चिठ्ठी मी उलटी करून ठेवलीय,
जणू त्यानं आकडा उतरणार आहे.

वास मात्र तोच.
मेण, ओली कुत्री, थोडं रॉकेल.
आमच्या मागच्या दाराच्या खुंटीला हा वास टांगलेला असायचा.
बाबा घरात आहेत की डोंगरावर,
आम्ही नाकानं ओळखायचो.

दुकानातला मुलगा म्हणतो,
"नीट राखलं तर तीस वर्षं जाईल.
वर्षाकाठी एकदा मेण चोळायचं, बस्स.
उसवलं तर आम्हीच शिवून देतो."

तीस वर्षं.
बाबा नोव्हेंबरात एक्याऐंशीचे होतील.
मी मनात बेरीज केली
आणि केलीच नाही असं दाखवलं,
त्या मुलाला की स्वतःला, कोण जाणे.
पुरून उरेल अशी वस्तू.
शब्द किती सरळ बोलतात, नीट ऐकले तर.

जुनं त्यांनी छत्तीस वर्षं घातलं,
ॲलनडेलच्या उतारांवर कुंपणं रचताना,
चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड.
खिशात सुतळी, वाकडा खिळा, बिस्किटांचा चुरा,
आणि एकदा एप्रिलच्या बर्फात
अख्खं कोकरू, तोंड तेवढं बाहेर.
मी सात वर्षांची.
मला वाटलं, जाकीटच व्यालं.

गेल्या जानेवारीत ओढ्यापाशी पडले,
तेव्हा अँब्युलन्समधल्या बाईनं
बाही कात्रीनं उभी चिरली.
मोडलेल्या हाताबद्दल बाबा चकार शब्द बोलले नाहीत.
बाहीबद्दल बोलले. महिनाभर.

आता ते फाटकापर्यंत जातात.
फाटक म्हणजे बावीस पावलं.
बावीस पावलांना दोनशे एकोणऐंशी पौंड:
हा हिशोब मला त्यांनीच शिकवलाय.
ते आधी किंमत विचारतील,
मग म्हणतील, रोजच्याला कशाला एवढं चांगलं,
आणि खुंटीला लावून ठेवतील, कडक, कोरं,
पाहुण्यासारखं.

हिल्डा फोनवर म्हणाली, लोकरी गाऊन घे, धुता तरी येतो.
हिल्डाचं नेहमी बरोबर असतं.
म्हणूनच तिला फोन केला की पस्तावते.

"माप काय?" मुलगा विचारतो.

आमचे कोट वाढत्या अंगाचे घ्यायचे.
बाह्या दोनदा दुमडलेल्या,
दर हिवाळ्यात आई एक घडी सोडायची.
उतरत्या अंगाचं कसं घेतात?
लार्ज त्यांना ताठ बसायचा.
आता मीडियम होईल. पुढच्या वर्षी
त्यातही खांदे शोधावे लागतील.

मी ते अंगात घातलं.
आरशात नीट बघितलं नाही.
खिशात हात घातला,
अस्तर स्वच्छ, गार,
एक कणसुद्धा नाही.

पाच सत्तावीस.
"बदलून मिळेल?"
"अठ्ठावीस दिवसांत. पावती हवी.
आणि चिखल लागलेला चालत नाही."

चिखल लागलेला.

"मग बदलायला येणार नाही," मी म्हणाले.
"मीडियम द्या. आणि मेणाचा एक डबा."

दुरुस्तीच्या वहीत त्यानं पेन टेकवलं.
"कुणाच्या नावावर?"
एकाच नावाची जागा होती.
मी आडनाव तेवढं सांगितलं. डॉड.

बाहेर टाइनवरून येणारा वारा,
दिवे लागलेले.
गाडीत मागच्या सीटवर कुत्रीनं पिशवी हुंगली,
बराच वेळ,
मग माझ्याकडे बघितलं
आणि शेपटी एकदाच हलवली,
उधारीवर.