ईशान्य कोपरा, आतून

विमानाच्या तिकिटाहून बॅगेचं भाडं जास्त,
म्हणून तिघांत मिळून एकच बॅग:
बेल्मिरोचे खिळ्यांचे बूट, ग्रासाचे, माझे,
आणि मधे कोंबलेलं सुकवलेलं सॉसेज,
कारण फिनलंडात सगळंच महाग
असं बेल्मिरोला कुणीतरी सांगितलेलं.

विझेउला माझं चष्म्यांचं दुकान आहे.
दिवसभर लोकांना विचारतो,
"आता दिसतं? आणि आता?"
वर्षातून एकदा शटर ओढून
परक्या देशातल्या जंगलात जातो, नकाशा घेऊन,
जिथे मलाच काही दिसत नाही.
बायको म्हणते, हरवायला एवढा खर्च कशाला,
इथे हरवता येत नाही का?
येतं की.
पण इथे कुणी वेळ लावत नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपलो,
शंभर माणसं, शंभर तऱ्हांचं घोरणं,
रात्री अकराला खिडकीत ऊन.

तिसऱ्या दिवशी चौथ्या खुणेपर्यंत बरा होतो.
मग दलदल.
नकाशात तिच्या निळ्या रेघा, बारीक, सभ्य;
प्रत्यक्षात मांडीपर्यंत.
सुई आपल्या जागी ठाम होती,
मीच एका खडकाला पंचवीस मिनिटं
दुसराच खडक समजत राहिलो.
पंचाहत्तरीच्या गटातली एक स्वीडिश बाई
माझ्या पुढून गेली. चालत.

शेवटी बर्च विरळ झाले आणि सापडली
नकाशातली तुटक रेघांची चौकट.
पाचवी खूण: पडकं घर, ईशान्य कोपरा, आतून.
दगडी जोतं, एक भट्टी तेवढी उभी,
कोपऱ्यात नारिंगी-पांढरा कापडी कंदील.
बोटातली चिप टेकवली. टुं.

जोत्यावर घडीच्या खुर्चीत एक म्हातारी,
मांडीवर थर्मास.
"जर्मन येतं?"
तिचं जहाजाच्या स्वयंपाकघरात शिकलेलं,
माझं झुरिकच्या हॉटेलातल्या धुलाईघरात.
तिच्याकडे बटाट्यांचे शब्द, माझ्याकडे चादरींचे.
तेवढ्यावर भागलं.

"मी इथे जन्मले. तू उभा आहेस तिथे पलंग होता."
मी एक पाऊल सरकलो.
"राहू दे. सकाळपासून दोनशे बारा जण
त्या पलंगावरून गेलेत."
वर्तमानपत्राच्या कडेला तिने रेघोट्या मारल्या होत्या.
"चाळीस वर्षं इकडे कुणी फिरकलं नाही.
आज सगळे वाट वाकडी करून येतात,
वाकतात, टुं करतात,
आणि आल्या पावली पळत सुटतात.
पाहुण्यांची ही कुठली रीत?"

मी टेकलो.
कॉफी कडू होती, डास कपातही.
हिल्या तिचं नाव.
म्हणाली, "बघू, तुमच्या कागदात माझं घर कसं आहे."
होकायंत्राचं भिंग मी नकाशावर धरलं,
सवयीने विचारलं,
"आता दिसतं?"
ती काही बोलली नाही.
भिंग थोडं वर घेतलं. "आणि आता?"
"एवढंसं," ती म्हणाली.
मग, "दार कुठाय?"
दार दाखवत नाहीत, मी सांगितलं.
तिने रेघोट्यांची पेन्सिल घेतली
आणि दक्षिणेच्या बाजूला
माझ्या नकाशाला एक दार काढलं.

सहावी खूण उत्तरेला होती,
पडक्या भिंतीवरून एक उडी, पुढे दोनशे मीटर.
मी दक्षिणेला गेलो,
जिथे दार नव्हतं तिथून, मान जराशी वाकवून,
बाहेर पडलो, आणि घराला वळसा घातला.
मागून पेन्सिलचा आवाज आला की नाही, माहीत नाही.
दोनशे तेरा.

एक्क्याऐंशीत अठ्ठ्याहत्तरावा.
संध्याकाळी बेल्मिरो वेळांचा कागद वाचत म्हणाला,
"पाचवी ते सहावी, एकवीस मिनिटं!
समोर तर होती, सरळ उत्तरेला!"
"दार दक्षिणेला होतं," मी म्हणालो.
तो सॉसेज कापत होता.
त्याने ऐकलं नाही.