अडतीस इंच

ब्रिनयारने गाडीचे दोष आधी सांगितले, गुण मागितल्यावर.
थंडीत दुसरा गिअर लागत नाही, त्याला जरा वेळ द्यायचा.
डावा मागचा दरवाजा फक्त आतून उघडतो.
गंज? कुठे नाही ते विचार, चटकन सांगून होईल.
एकोणतीस वर्षांची लँड क्रूझर,
राखाडी, का मुळात पांढरी,
हे त्यालाही आठवेना.

एगिल्सस्टादिरच्या पेट्रोलपंपामागे असा वारा
की भाव करायला ओरडावं लागत होतं,
आणि ओरडून कधी भाव उतरत नाही.
शेवटी थोडे पैसे, आणि उरलेल्यापोटी
आमचा काळा एडका,
जो दिसेल त्याला ढुशी द्यायचा,
एक माझी आई सोडून.

आईला मी हे घरी आल्यावर सांगितलं.
ती म्हणाली, बरं.
त्या 'बरं'चं वजन
मला अजून उचललेलं नाही.

जूनमध्ये मेंढ्या डोंगरावर जातात.
रिकाम्या मेंढवाड्यात गाडी घातली.
बंदरावर बोटी जोडणारी मावसबहीण ऑडनी
ग्राइंडर घेऊन आली, आणि सुकटीची पिशवी.
त्या महिन्यात रात्र होत नाही,
त्यामुळे आता थांबा, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही.

मोठ्या चाकाला जागा हवी
तर आधी गाडीचंच कापावं लागतं.
मडगार्डची कड खाली पडली तेव्हा
लोकरीच्या वासात ठिणग्यांचा वास मिसळला
आणि मला उगीच वाटलं, आता परत लावता येणार नाही.
मग स्प्रिंगा. मग बॉडीखाली ठोकळे.
चेसिसपासून अख्खं धूड चार बोटं वर,
जॅकवर, आमच्या श्वास धरण्यावर.
उंची वाढली की सगळं तोकडं पडतं:
ब्रेकच्या नळ्या, गिअरचा दांडा,
वाढत्या पोराच्या विजारीसारखं.
आणि आमचे पैसे.

टायरही जुनेच. अडतीस इंची.
एकावर कुणा परक्याच्या हिमनदीचा ओरखडा.

चाकं लागली. आई बघायला आली.
तिने दार उघडलं,
सीट तिच्या खांद्याला लागत होती.
गुडघा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.
"एवढी चढवलीत," ती म्हणाली,
"आता मला कोण चढवणार?"

ऑडनी काही बोलली नाही.
एडक्याच्या रिकाम्या कप्प्याचं फाटक काढलं,
त्याचे दोन गज कापले,
आणि दाराखाली पायरी जोडली.
सांधा थोडा वाकडा आला. तसाच ठेवला.

गिअर बदलायला पैसे उरले नव्हते,
म्हणून काटा आता खोटं बोलतो:
साठ दाखवतो तेव्हा आम्ही त्र्याहत्तरवर असतो.
किलोमीटरही कमी मोजतो.
आई म्हणते, माझ्या वयाचंही असं काही करता येतं का बघ.

फेब्रुवारीत पठारावर बर्फ एवढा
की रस्त्याच्या खांबांची टोकंच तेवढी वर.
उतरून एकेका टायरची हवा सोडली,
पंचवीस पौंडांवरून चारवर,
तो लांब सुस्कारा चार वेळा.
सात महिने जे उचललं
ते मऊ होऊन पसरलं,
आणि बुडण्याऐवजी बर्फावरून चालू लागलं.
वेग माणसाच्या चालीचा.
दुसऱ्या गिअरला मी वेळ दिला.

परतताना ब्रिनयारच्या मेंढवाड्यापाशी
आईने खांद्याला हात लावला: थांब.
पायरीवरून उतरली, मागे न बघता आत गेली.
मी दारातून पाहिलं.
काळा एडका मान खाली घालून उभा होता,
अंगाने भरलेला.
तिने हात पुढे केला, त्याने वास घेतला,
एक पाऊल मागे सरला,
आणि तिला मांडीवर ढुशी दिली.
जोरात नाही. पण दिली.

ती बाहेर आली, कोट झटकला.
"चांगलं खायला घालतोय," म्हणाली.
मी हात पुढे केला होता.
तिने तो घेतला नाही.
त्या वाकड्या गजावर पाय ठेवला, दांडी धरली,
आणि चढली.